कोळसेबुवा आणि न सुटणारी मिठी

फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगरातले बहुतेक धातू प्राणवायूला घट्ट मिठी मारून दगडात बसलेले असत. ती मिठी सोडवण्याचं काम भट्टीतल्या कोळसेबुवांचं.

तांब्यानं थोड्याशा आचेवरच मिठी सोडली. लोखंड हट्टी. भाता धापा टाकू लागला, तेव्हा कुठं ते सुटलं. "आपल्यापुढं कुणाचं काही चालत नाही!" असं म्हणत बुवा ॲल्युमिनियमकडे वळले. जळून जळून निम्मे झाले, पण मिठी तसूभरही ढिली होईना.

"बुवा, ऊब मात्र झकास येतेय हं," ॲल्युमिनियम म्हणालं.

बुवा संतापले. त्यांनी थेट विजेलाच बोलावलं. तिनं असा हिसडा दिला, की प्राणवायू उडाला आणि बुवांनाच येऊन बिलगला.

"अरे, मला कशाला?" बुवा ओरडले.

इकडे ॲल्युमिनियम चकाकत बाहेर आलं आणि वीज पदर सावरते न सावरते तोच हवेतला दुसरा प्राणवायू अंगभर लपेटून बसलं.

"मेल्या, एवढं सोडवलं ना तुला!" वीज कडाडली.

ॲल्युमिनियम शांतपणे म्हणालं, "पण सोडवायला सांगितलं होतं कुणी?"