गच्चीवरचं शेवाळ

"बाजूला हो म्हातारे, एका दमात सगळं खरवडतो," तारेचा ब्रश केरसुणीवर गुरगुरत होता. अवजारं उघड भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. लाकडाचा भुसा नि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या गच्चीवरच्या फळ्या शेवाळानं हिरव्या झाल्या होत्या. ब्रशला बघून त्यांच्या अंगावर काटा आला.

"गेल्या वर्षी तो कोपरा कुणी चकाचक केला?" ब्रशनं ऐट मारली.

"तूच की. चल, बघू या त्याचं रूप."

केरसुणी साबणाच्या पाण्यात बुडाली आणि फळ्यांच्या रेषेरेषेनं लगबगीनं झाडत निघाली. मागं एकेक फळी उजळत गेली. कोपऱ्यात मात्र ब्रशच्या प्रत्येक ओरखड्यात शेवाळ गच्च बसलेलं. ते काही केल्या निघेना.

केरसुणी वळली. "मेल्या, तू शेवाळ काढलं नाहीस, त्याला राहायला खोल्या खणून दिल्यास."