निवृत्तीअण्णांचं ‘झालं, झालं!’

एका तालुक्याच्या गावात एक इस्पितळ होतं आणि त्या दिवशी तिथे लग्नघरासारखी धांदल उडाली होती. कारणच तसं होतं! मधुमेहाच्या रुग्णांची उभ्या जिल्ह्यात सर्वांत चांगली काळजी कुठे घेतात, हे ठरवायला समिती यायची होती. जिंकणाऱ्याला चांदीची ढाल. बाकीची सगळी इस्पितळं समितीने पाहून झाली होती, उरलं होतं एवढं एकच.

इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टर इरावतीबाई सकाळपासून पायाला भिंगरी बांधल्यासारख्या फिरत होत्या. बाई डॉक्टर म्हणून खऱ्याच गुणाच्या. त्या आल्या तेव्हा गावात मधुमेहाने पाय चिघळला की लोक म्हणत, ‘आता कापायचाच.’ बाईंनी भांडून-तंडून वेगळा वॉर्ड उभा केला. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबातून साखर सांगणारं यंत्र आणलं. सिस्टरांना शिकवून तयार केलं. आता ढाल मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त त्या दिवशी त्यांचं लक्ष खाटांपेक्षा फाटकाकडे जास्त होतं.

साखरेशी तर बाईंचं हाडवैर. वॉर्डाच्या दारावर त्यांनी ठळक पाटी लावली होती: ‘साखर आत आणू नये.’ ‘साखरेचं खाणार त्याला देव देणार’ ही म्हणसुद्धा त्या वॉर्डात उच्चारायची चोरी!

वॉर्डातली शेवटची खाट निवृत्तीअण्णा शिंप्यांची. शिवणयंत्राखाली पडलेली सुई त्यांच्या पायात घुसली होती. मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे अण्णांना ती कळलीच नाही आणि जखम चिघळली. बाईंच्या औषधाने ती आता भरत आली होती. अण्णा स्वभावाने इतके भिडस्त, की माप घेताना टेप जरा घट्ट बसली तरी गिऱ्हाइकाची माफी मागत. इस्पितळात ते पाहुण्यासारखे अंग चोरून पडून असत.

या वॉर्डाचा एक नेम होता. रुग्ण जेवला, की सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन यायच्या. ‘जेवण झालं का?’ असं विचारायच्या. रुग्णाने ‘झालं’ म्हटलं, की सुई टोचून पुढे जायच्या. इंजेक्शनने साखर उतरते आणि जेवणाने चढते. दोन्ही जोडीने गेलं तर सगळं ठीक. पण पोटात अन्न नसताना ते इंजेक्शन दिलं, तर साखर उतरत उतरत तळाला जाते आणि माणूस हातचा जायची वेळ येते.

त्या दिवशी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात समितीसाठी साजूक तुपातला शिरा शिजत होता. शेजारी बटाटेवडे तळले जात होते. त्या गडबडीत भाकऱ्या कमी पडल्या. वाढत वाढत शेवटच्या खाटेपाशी येता येता टोपली रिकामी झाली आणि नव्या भाकऱ्या भाजायला शेगडी मोकळी नव्हती. अण्णा गप्प बसून राहिले.

तेवढ्यात पुष्पलता सिस्टर घाईघाईने आल्या. ‘आज सगळं घड्याळाच्या ठोक्यावर झालं पाहिजे,’ असं बाईंनी त्यांना बजावलं होतं.

“जेवण झालं ना, अण्णा?” त्यांनी विचारलं.

“झालं, झालं!” अण्णा म्हणाले.

सिस्टरांनी सुई टोचली आणि त्या धावत फाटकाकडे गेल्या. समितीची गाडी आली होती!

समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब मोठे दिलखुलास गृहस्थ. त्यांना सगळंच आवडत होतं. फरशी आवडली, यंत्र आवडलं, लिंबाचं सरबत तर फारच आवडलं. ते पीत पीत ते वॉर्डात शिरले, तेव्हा त्यांना कुणी पाटी दाखवायला धजलं नाही. बाई एकेक गोष्ट दाखवत होत्या, तात्यासाहेब मान डोलवत होते, आणि ढाल आता हाताशी आली असं बाईंना वाटू लागलं. फिरत फिरत सगळे शेवटच्या खाटेपाशी आले.

“काय अण्णा, बरं आहे ना?” तात्यासाहेबांनी विचारलं.

“बाही आखूड झाली,” अण्णा पुटपुटले. “कापड पुरत न्हाई... बाही आखूड...”

बाईंनी चमकून पाहिलं. अण्णांचा सदरा घामाने चिंब झाला होता. हात थरथरत होते, नजर कुठेच ठरत नव्हती. बाईंनी झटकन त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“साखर! अरे, कुणीतरी साखर आणा!”

साखर कुठली? पाटीच्या धाकाने वॉर्डात औषधालासुद्धा साखर नव्हती! सिस्टर ग्लुकोज आणायला औषधांच्या खोलीकडे पळाल्या. शिपाई स्वयंपाकघराकडे पळाला. अण्णांची मान कलायला लागली. बाई कुणासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी तात्यासाहेबांच्या हातातला सरबताचा पेला सरळ हिसकावून घेतला आणि अण्णांच्या ओठांना लावला.

“अण्णा, घोट घ्या. गिळा बघू. अजून एक. गिळा!”

अण्णा अजून गिळू शकत होते, हेच नशीब. थोडं सरबत सदऱ्यावर सांडलं, बरंचसं पोटात गेलं. हळूहळू अण्णांचे हात थरथरायचे थांबले. चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी डोळे उघडून पेल्याकडे पाहिलं आणि भीत भीत विचारलं, “बाई, ह्ये लई गोड हाय. मला चालतंय का?”

वॉर्डात हशा पिकला! टाळ्या पडल्या! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तात्यासाहेब तर लहान मुलासारखे नाचायचेच बाकी होते.

“वा, बाई, वा! अशी तत्परता उभ्या जिल्ह्यात पाहिली नाही. ढाल तुमचीच!” त्यांनी गाडीतून ढाल मागवून समोर ठेवली.

ग्लुकोज घेऊन परत आलेल्या पुष्पलता सिस्टर दाराशी रडत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, मी त्यांना विचारलं होतं. झालं म्हणाले ते.”

साखर घेऊन आलेल्या शिपायाने शिऱ्यापायी भाकऱ्या कमी पडल्याचं सांगितलं. तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात सारा प्रकार आला. त्या अण्णांवर कडाडल्या, “जेवला नव्हतात, तर झालं का म्हणालात? जीव गेला असता ना!”

अण्णांनी मान खाली घातली. “बाई, कुनी इचारलं की झालं म्हनायचं असतंय. न्हाई म्हनलं, तर मला जेवायला घाला म्हनल्यासारखं हुतंय. दुसऱ्याच्या दारात आपली भूक सांगू नये, असं आई म्हनायची.”

बाईंना विलक्षण राग आला. रुग्णच खोटं बोलला तर इस्पितळाने काय करायचं? समितीला हेच सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. ढाल समोर चमकत होती.

तेवढ्यात तात्यासाहेब कळवळून म्हणाले, “बाई, केवढ्या दमलात तुम्ही! सकाळपासून काही खाल्लंत की नाही?”

“झालं, झालं!” बाई म्हणाल्या.

आणि त्या जागच्या जागी थबकल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाचा घोटसुद्धा गेला नव्हता. बाईंना स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली.

“तात्यासाहेब,” त्या म्हणाल्या, “मी आत्ता तुमच्याशी खोटं बोलले. मी उपाशी आहे. विचारलं की हे आपोआपच तोंडातून निघतं, अण्णांच्याही आणि माझ्याही. मी याच मातीतली. हे मला ठाऊक असायला हवं होतं. आम्ही विचारलं आणि मोकळे झालो. त्यांच्यापुढे ताटसुद्धा नव्हतं, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. आणि त्यांची भाकरी का आली नाही, ठाऊक आहे? शेगडीवर तुमचा शिरा होता. चूक ना अण्णांची, ना सिस्टरांची. चूक माझी आहे. ढाल परत घेऊन जा.”

तात्यासाहेबांनी ढाल उचलून शिपायाच्या हातात दिली. ते त्याला म्हणाले, “ढाल गाडीत ठेव. आणि आचाऱ्याला सांग, तो शिरा उतरव म्हणावं. आधी भाकऱ्या.”

गरम भाकऱ्या आल्या. बाई स्टूल ओढून अण्णांच्या खाटेशी बसल्या आणि दोघं मिळून जेवले. ढाल गेली होती, तरी त्या जेवणाला बाईंना फार चव लागली.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाचा नेम बदलला. ग्लुकोजची पुडी प्रत्येक सिस्टरच्या खिशात आली. सुई उचलण्याआधी सिस्टर ताटात डोकावून पाहू लागल्या. ‘जेवलात का?’ हा प्रश्नच बाईंनी बंद केला.

दुपारी पुष्पलता सिस्टर शेवटच्या खाटेपाशी आल्या. “अण्णा, आज काय काय जेवलात?” त्यांनी विचारलं.

अण्णांनी सवयीने तोंड उघडलं, पण या प्रश्नाला ‘झालं, झालं’ हे उत्तर काही जुळेना. ते गडबडले. इकडेतिकडे पाहू लागले. मग सगळा धीर गोळा करून मोठ्याने म्हणाले, “अजून काय बी न्हाई, सिस्टर! आन् लई भूक लागलीया!”

दारातून हे ऐकणाऱ्या इरावतीबाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. सिस्टरांनी सुईला हातसुद्धा लावला नाही आणि त्या भाकरी आणायला धावल्या.

तात्पर्य: ‘जेवलात का?’ असं विचारणं ही रीत झाली, ताटात डोकावून पाहणं ही काळजी. ज्याचा जीव आपल्या हाती सोपवला आहे, त्याच्या नुसत्या शब्दावर विसंबू नये आणि आपल्या चुकीचं खापर त्याच्या भिडस्तपणावर फोडू नये.