आधी लग्न, मग मुलगी पाहणे

एकदा एका शाळेला शेवट नसलेली नाटके करण्याची सवय लागली. स्नेहसंमेलनात बारावीच्या मुलांनी तीन अंकी नाटक करावे, ही तिथली जुनी प्रथा. पहिला अंक असा रंगे की, प्रेक्षकांत बसलेल्या आयांना आपल्या पोटी थोर कलावंत जन्मल्याचा साक्षात्कार होई. दुसऱ्या अंकात तो साक्षात्कार ओसरे. तिसऱ्या अंकाचे काय सांगावे? गतवर्षी नायकाने मध्येच हात जोडून 'बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे' असे सांगितले आणि तो निघून गेला.

तेव्हा प्राचार्यांनी निर्णय दिला. यंदाही शेवट कोसळला, तर नाटक कायमचे बंद. त्याच्या जागी पाहुण्यांची भाषणे वाढवली जातील. याहून कठोर शिक्षा शाळेच्या इतिहासात कोणाला झाली नव्हती.

दिग्दर्शन हेमांगी नावाच्या मुलीकडे होते. मुलगी मोठी शिस्तीची. बारावीच्या अभ्यासाचे वेळापत्रक ती दर सोमवारी नव्याने आखी, चार रंगांच्या स्केचपेनांनी, आणि ते इतके देखणे होई की नंतर अभ्यास करणे म्हणजे त्यावर डाग पाडण्यासारखे वाटे. संमेलन बारा दिवसांवर आले, तरी तिसऱ्या अंकाला कोणी हात लावला नव्हता. तालीम चारला पहिल्या प्रवेशापासून सुरू होई, उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून होई, आणि साडेपाचला खेड्यांवरच्या मुलांची एसटी सुटे.

शेवटी ती शिवराममामांकडे गेली. मामा म्हणजे शाळेचे निवृत्त शिपाई. स्वतः चौथीतून शाळा सोडलेली, पण चाळीस वर्षे तिथल्या रंगमंचाचा पडदा त्यांनीच ओढला होता. त्यामुळे कोणत्या नाटकाची लाज किती चपळाईने झाकावी लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? हेमांगीने सारी व्यथा सांगितली. मामांनी तिच्या सॅकमधून डोकावणारे रसायनशास्त्राचे पुस्तक उचलले, न उघडताच त्याची कड डोळ्यांजवळ धरली, आणि ते खुदकन हसले. उद्या तालमीला येतो, म्हणाले. पुस्तकात काय पाहिले ते काही सांगेनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढले, की आज फक्त शेवटचा प्रवेश. नाटक एका लग्नाचे होते, आणि शेवटच्या प्रवेशात मंगलाष्टके होती. नवरदेव झालेला मकरंद पुढे आला.

"मामा, आधी लग्न लावायचं आणि मग मुलगी बघायला जायचं?"

"तुझं तोंड बघता, बाळा, तोच क्रम बरा."

प्रवेश इतका वाईट झाला की नवरीने घातलेला हार भटजीच्या गळ्यात पडला. मामांनी तोच चार वेळा करवून घेतला. पुढच्या दिवशी त्याच्या अलीकडचा प्रवेश घेऊन शेवटापर्यंत नेले, मग त्याच्याही अलीकडचा. रोज थोडे मागून निघायचे, आणि लग्न लागल्याशिवाय कोणी एसटीकडे पळायचे नाही. आठवड्याभरात मकरंदचे वीसेक वेळा लग्न झाले. सुरुवातीला कुरकुरणारा तो गडी आता वेळेआधी येऊ लागला.

आठव्या दिवशी हेमांगीला राहवेना. ही उलटी गंगा कशासाठी, असे तिने विचारलेच.

मामा म्हणाले, "पोरी, जे येतं तेच पुन्हा करणं माणसाला गोड लागतं. तुम्ही रोज येणाऱ्या भागापासून निघत होता, आणि न येणारा भाग दिसला की एसटी गाठत होता. मग नाटकाच्या दिवशी पुढं जाल तसे पाय चिखलात रुतायचे. आता सुरुवातीला अडखळाल, पण पुढं जाल तशी वाट ओळखीची होत जाईल." मग जरा डोळे मिचकावून म्हणाले, "तुझ्या पुस्तकाचं मला आतलं काही कळत नाही. पण पहिली बोटभर पानं हात लागून लागून काळी झालीत, आणि बाकीची दुकानातून आणल्यासारखी पांढरी. दर सोमवारी पहिल्या धड्याचीच तालीम चालते ना?"

हेमांगी लाजली. हे तिच्या आईलाही ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी तिने वेळापत्रक आखले नाही. पुस्तकाचा शेवटचा धडा उघडला, त्यातले फारसे कळले नाही, तरी ती उठली नाही.

संमेलनात पहिला प्रवेश खरोखरच अडखळला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी मकरंदच्या मांडीवर सांडली, आणि पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या अंकात तो हात खाली आला. तिसऱ्या अंकात मुले अशी वावरू लागली, जणू जन्मापासून त्याच मांडवात राहत होती. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, आणि प्राचार्यांनी भान विसरून शेजारच्या प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या खुडून अक्षता म्हणून रंगमंचावर उधळल्या. पाहुण्यांनी उरलेला हार स्वतःच उतरवून त्यांच्या हाती दिला. सभागृह उभे राहिले. मागून एका आजोबांनी पंगत कुठे आहे, अशी चौकशीही केली. पुढल्या वर्षी नाटक होणार की नाही, हे मग कोणी प्राचार्यांना विचारले नाही.

हेमांगी विंगेत उभी होती. हातातली संहिता एकदाही उघडावी लागली नव्हती. तिला उमगले, की शेवट काही वाईट स्वभावाचा नसतो. आपणच त्याच्या दारी आयत्या वेळी, ओळखदेख नसताना जाऊन उभे राहतो.