ठकूआईची वाट

फार फार वर्षांपूर्वी, घाटाच्या वाटेवर दिवसाढवळ्या लूट व्हायची त्या काळी, धामणवेस गावात ठकूबाई नावाची कुंभारीण राहायची. बोलायला हळू, चालायला त्याहून हळू. कच्ची मडकी उचलून उचलून तिच्या हातात धसमुसळेपणा उरलाच नव्हता. तिने ठेवलेलं मडकं वादळातही कलंडत नसे, असं म्हणतात.

गावाला दगडी वेस होती आणि वेशीला सागवानी दरवाजा. त्या दरवाजाचा रायाजी पाटलाला भारी अभिमान. "चोर आत येईल, पण बाहेर जाणार नाही," असं तो मिशीला पीळ देऊन सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे, कारण पाटलाकडची सुपारी चांगली असायची.

एका बाजाराच्या दिवशी घोड्यांवरून लुटारू आले. धान्य, भांडी, दागिने, मिळेल ते पोत्यांत कोंबू लागले. ठकूबाईने कानातली फुलं न मागता काढून दिली. "द्या गं," ती शेजारणींना म्हणाली, "जीव राहिला तर सोनं पुन्हा होईल." पोरांना तिने भट्टीच्या जाड भिंतीआड आडवं झोपवलं. रांजणाआड लपवलं नाही. रांजणाने भाला अडत नाही हे कुंभारणीला कुणी सांगावं लागत नाही. लुटारू भरल्या पोत्यांनिशी निघालेच होते, तेवढ्यात पाटलाने वेशीचा दरवाजा लावला आणि अडसर घातला.

तिथेच घात झाला. मांजरसुद्धा कोंडलं की अंगावर येतं, ही तर माणसं. त्यांचा नाईक होता नागू. समोर दिसली त्या बाईला त्याने ओढलं आणि तिच्या मानेवर तलवार धरली. ती ठकूबाईची सून चंद्रा होती, पोटुशी.

वेशीच्या भिंतीवर गावकऱ्यांच्या गोफणी ताणल्या गेल्या. ठकूबाई पुढे झाली, दोन्ही तळवे उघडे ठेवून. तिने तलवारीकडे पाहिलं नाही की नागूच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. जवळही गेली नाही, जरा लांबच थांबली.

"लेका, मी आता दरवाजाकडे जाते," ती म्हणाली. "अडसर काढते. मग बाजूला होते. पोरीला उंबऱ्यावर सोड आणि तू जा."

"आणि मागून तुम्ही भाला घालाल," नागू म्हणाला.

"पाटील, भाला खाली ठेवा."

"ठकू, गावाची अब्रू जाईल," पाटील म्हणाला.

"अब्रू परत मिळवता येते. सून कुठून आणू?"

पाटलाने भाला ठेवला. ते पाहून भिंतीवरच्या गोफणीही सैल झाल्या. चार गड्यांना न हलणारा तो अडसर ठकूबाईने काडीसारखा उचलला, असं म्हणतात. भट्टीचा धूर खाली उतरला आणि लुटारू न् गाव यांच्यामध्ये पडद्यासारखा उभा राहिला, असंही म्हणतात. नागूने उंबऱ्यावर चंद्राला सोडलं आणि साथीदारांमागोमाग घोड्यावर चढून टाच मारली. सून गळ्यात पडली, तेव्हा कुठे ठकूबाई रडली. काही गडी पाठलागाला निघाले, तर ती म्हणाली, "गेलं ते गेलं. आधी आपली माणसं सगळी आहेत का बघा." सगळी होती.

पुढे चंद्राला मुलगी झाली. ठकूबाईची ठकूआई झाली, आणि वेशीचा अडसर पुन्हा कधी कुणी घातला नाही. आजही धामणवेशीत कुणाच्या हातात कोयता दिसला तर गावकरी त्याला घेरत नाहीत. कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "ठकूआईची वाट द्या," आणि सगळे रिकामे हात दाखवत मागे सरकतात. परवाच बांधावरून दोन भावांत जुंपली. धाकटा कोयता घेऊन सोप्यात उभा राहिला. वहिनीने दार सताड उघडलं, सगळे बाजूला झाले, आणि तो तरातरा माळाकडे निघून गेला. दिवेलागणीला परतला तेव्हा त्याचे हात रिकामे होते, आणि वहिनीने त्याचंही ताट वाढलं होतं.