आवडाकाकीचा कातळ

“तुझ्याच कातळार कालवां कशी रवली, काकी?”

आवडाकाकीनं मान वर केली नाही. सुकतीची वेळ होती, खाडीचं पाणी पार मागं गेलं होतं. गुडघाभर चिखलात उभी राहून ती लहान कोयतीनं कातळ खरवडत होती.

विचारणारा दिगंबर. मासेमारीचं कॉलेज शिकून पोयंडीला परत आलेला, आणि आपण शिकलोय हे गावाला विसरू न देणारा.

दोन वर्षांपूर्वी खाडीत एक परदेशी शिंपला शिरला, जहाजांच्या बुडाला चिकटून आलेला. बोटाच्या पेराएवढा, काळपट. कातळ दिसेनासा होईल इतका दाट बसायचा. कातळाला धरून वाढणाऱ्या, गावाच्या खायच्या-विकायच्या कालवांना बूड टेकायला जागा उरली नाही. गाव त्यांना पावणे म्हणू लागलं, कारण आले ते जायचं नाव काढेनात.

तेव्हा दिगंबरनंच मोहीम काढली होती. चाळीस माणसं लावून तीन दिवसांत खाडीतला एकूण एक कातळ खरवडून घेतला. पेपरात फोटो आला. चार महिन्यांत सगळे कातळ पुन्हा काळे झाले... हा एक सोडून. आणि त्या मोहिमेला आवडाकाकी तेवढी फिरकली नव्हती.

आज संध्याकाळी कालवं काढणाऱ्या बायका देवळात जमणार होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर चूल पेटली तो धंदा सोडायचा की नाही, हे दिगंबरनं सांगायचं होतं. सोडा, असंच सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पण हा कातळ त्याच्या डोळ्यांत सलत होता.

“औषध मारतंस काय? की देवाक काय बोललंस?”

काकीनं कोयती त्याच्या हातात दिली आणि ती बाजूला झाली.

दिगंबर जोरात भिडला. शिकलेला असला तरी हात खाडीवरचाच होता. कालवांच्या मधे नव्यानं बसलेले पावणे सपासप सुटून चिखलात, पाण्यात उडू लागले. थोड्या वेळानं त्यानं मागं पाहिलं. काकी वाकून, चिखल चाचपून, त्यानं पाडलेला एकेक पावणा टोपलीत टाकत होती.

“ते कित्याक उचलतंस? पडले ते गेले.”

काकीनं टोपलीतला एक त्याच्या तळहातावर ठेवला. घट्ट मिटलेला. जिवंत.

“गेले? खय गेले?”

...

हा प्राणी सुटला तरी धागे काढून पुन्हा चिकटतो, हे दिगंबरनं वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. फक्त चाळीस माणसांना ‘फेका पाण्यात’ म्हणून सांगताना ते आठवलं नव्हतं. त्याला लाज वाटली. कान गरम होईपर्यंत वाटली.

टोपली भरली तशी काकीनं पदराची चुंबळ करायला घेतली. दिगंबरनं स्वतःचा पंचा पुढं केला आणि टोपली डोक्यावर घेतली. चढ उभा होता. वर, भरती कधी पोचणार नाही अशा जागी, उन्हात वाळलेल्या शिंपल्यांचा कमरेएवढा ढीग होता. त्यात त्यानं टोपली ओतली. एवढं सगळं या बाईनं एकटीनं वर आणलं होतं.

उतरता उतरता मात्र त्याची विद्या पुन्हा जागी झाली. खोड एका चढानं जात नाही. त्यानं काकीला समजावलं, की हे काढून संपणारे नव्हेत. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक, ती पाण्यातूनच येतात, रोज नवी. आजवर कुठल्याच खाडीतून हे कुणाला पुरते हटवता आलेले नाहीत.

“पुस्तकात लिवलेला आसा, काकी. आपण हरतलव.”

काकी कातळापाशी गेली. बोटानं एक जागा पुसली. तिथं नखाएवढा पांढरा ठिपका होता. यंदाच बसलेलं कालवाचं पिल्लू.

“तुझा पुस्तक ह्येका वाचून दाखव,” ती म्हणाली.

दिगंबरनं वाकून त्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

पाणी परतू लागलं होतं. पावलं बुडाली. काकीनं कोयती धुतली, कमरेला खोचली आणि काठाकडं चालू लागली. दिगंबर मागून धावला. त्याचा आवाज आता वेगळा होता.

“काकी, मगे सांजेक बायकांक काय सांगू?”

काकी थांबली. भरतीकडं एकदा डोळे रोखून पाहिलं.

“सांग... पावणे भरतीक येतत. मी सुकतीक येतंय.”