हलणारी धावपट्टी

"कस्तुरीचं चित्र हलत नाही, सर. मग माझंच का हलतं?"

रणदिवे सर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला काय वाटतं?"

"माझा कॅमेरा रद्दी आहे."

सरांची उभी हयात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवण्यात आणि शिकवण्यात गेली होती. आता माळावरच्या शेडमध्ये त्यांनी दोन संगणक शेजारी शेजारी मांडले होते. आधी इथलं खोटं विमान नीट उतरवायचं, मगच खऱ्यात बसायचं, हा त्यांचा दंडक. पडद्यावर बसवलेला छोटा कॅमेरा शिकणाऱ्याच्या डोक्यावर नजर ठेवी. मान बोटभर वळली की पडद्यावरचं आकाश हातभर वळे.

येत्या रविवारी सर एकालाच खऱ्या ग्लायडरमधून वर नेणार होते.

भार्गव सगळ्यांत जुना शिष्य. कस्तुरी काल-परवा आलेली, आणि तिची धावपट्टी मात्र दगडावरच्या रेघेसारखी स्थिर. भार्गवची हुडहुडी भरल्यासारखी थरथरे. त्याच्या पोटात दुखायचं ते इथंच. हेवाच होता तो, पण भार्गव त्याला अन्याय म्हणे.

नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं अंगण सरळ करायचा खटाटोपही केला होता. संगणकात एक गाळणी असते, ती डोक्याचे बारीक धक्के गाळून टाकते. भार्गवनं ती वाढवत वाढवत शेवटाला नेली. थरथर थांबली, पण चित्रही आळसावलं. उतरताना धावपट्टी शोधायला मान वळवावी, तर ती दिसेपर्यंत विमान उसाच्या शेतात.

"कॅमेरे बदला," सर म्हणाले.

बदलले. भार्गवचं चित्र हललंच. आणि तो रद्दी कॅमेरा कस्तुरीच्या पडद्यावर शहाण्यासारखा बसला. भार्गवच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिच्या तोंडावर दिव्याचा उजेड चांगला पडतो, सर. माझ्याकडे अंधार आहे."

"दिवे बदला."

कस्तुरीनं मुकाट्यानं आपला दिवा उचलून दिला. "घे ना, मला कुठलाही चालतो," ती म्हणाली. ते "कुठलाही चालतो" भार्गवला फार झोंबलं.

चित्र हललं.

सरांनी सुई पिशवीत टोचून ठेवली आणि ते त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"गाळणी काढ."

"सर, मग तर बघवणारच नाही..."

"काढ रे."

त्यानं काढली. धावपट्टी नाचायला लागली. सर बराच वेळ बघत राहिले.

"चित्र एकाच बाजूला झटक्यानं वळतंय," ते म्हणाले. "उजवीकडे."

उजवीकडे कस्तुरी बसली होती.

"कस्तुरी, जरा ही पिशवी बाहेर खांबाला बांधून ये गं."

ती पिशवी घेऊन गेली. दार लागलं.

चित्र थांबलं. गाळणी नव्हती, कॅमेरा तोच, दिवा तोच... आणि धावपट्टी समोर सरळ पडली होती. रविवारचं आकाश आता आपलंच, असं भार्गवला वाटलं.

"बघितलंत, सर? तिच्याचमुळे होत होतं! तिची हालचाल माझ्या कॅमेऱ्यात घुसते. मी म्हणत नव्हतो?"

"विमान उतरव," सर म्हणाले.

तो उतरवू लागला. वळण सुरेख घेतलं. उंची बरोबर, वेग बरोबर. जमीन जवळ आली.

बाहेरून कस्तुरीचा आवाज आला. "सर, रविवारी वर गॉगल लागेल का हो?"

"असू दे जवळ," सरांनी इथूनच सांगितलं.

चित्र ताडकन उजवीकडे वळलं, धावपट्टी बाजूला उडाली. परत आली. पुन्हा उडाली. भार्गवनं विमान वळवायची दांडी घट्ट आवळली, दात आवळले... विमान उसात शिरलं.

खांबापाशी ती कसलंसं गाणं गुणगुणत होती. भार्गवचे कान तापले. त्यानं दांडी सोडून दिली.

"सर, हात जोडतो तुमच्यापुढे. तिला इथून काढा. ती असेपर्यंत माझं चित्र थांबायचं नाही."

सरांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"खोलीतून तर काढलंच की मी तिला, बाबा... आता आणखी कुठून काढू?"