पुसलेल्या लाटा

"मग हा गोंगाट पुसूनच टाकू ना, बाई?"

सुश्रुतने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुसलाही.

दरडीखाली गेलेल्या गावाची नवी घरं या माळावर उभी राहायची होती. जमीन ती पेलेल का, हे दांडेकरबाईंना सांगायचं होतं. भूकंपशास्त्रात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सुश्रुत त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि ते त्याला ठाऊक होतं.

माळावर कंपनं टिपणाऱ्या यंत्रांची ओळ रोवलेली होती. लोखंडी पत्र्यावर घण पडला की संगणकाच्या पडद्यावर रेघा उमटत. जमिनीलगत रांगणाऱ्या मोठ्या, संथ लाटांखाली खोलवरून परतणारे बारीक पडसाद झाकले जात. सुश्रुतने त्या लाटाच गोंगाट म्हणून काढून टाकल्या.

"खाली अखंड काळा खडक आहे, बाई. बांधू दे घरं."

"खडकाच्या वर?"

"वर काय... माती."

"कसली?"

बाईंनी त्याला ओळीच्या पूर्व टोकाला नेलं.

"आडवा हो. कान टेक."

अंगावरचा कोरा शर्ट पाहून तो घुटमळला. मग झोपला. दूर जाऊन बाईंनी स्वतः घण घातला.

"काय आलं?"

"आधी एक बारीक ठोका. मग... सावकाश एक झोका."

"ठोक्याचं काय केलंस?"

"ठेवला."

"झोक्याचं?"

"पुसला."

उठला तो थेट कामाला लागला. जेवायला हाक आली, तरी गेला नाही. पुसलेल्या लाटा त्याने परत आणल्या, एकेक वेगळी केली. आखूड लाटा वरच्या थरातून धावत, लांब लाटा खालपर्यंत पोचत. माती जितकी घट्ट, तितका त्यांचा वेग जास्त. पश्चिमेला त्या झपाझप जात होत्या. पूर्वेला साऱ्याच रेंगाळत होत्या. तिथं खाली भुसभुशीत भराव होता, कधीकाळी बुजलेल्या ओढ्याचा.

उन्हं कलली तेव्हा त्याने नकाशावरची पूर्वेकडची घरं खोडली आणि पश्चिमेला सरकवली. बाईंनी खाली सही केली.

तरी त्याच्या मनातली सल जाईना.

"बाई, मी तर सगळ्यांत खोल बघत होतो. मग चुकलं कुठं?"

बाई पायांवरची माती झटकत होत्या.

"खोल बघताना तू उभा कशावर होतास?"